सतरंजीला पाणी गरम की गार?

लग्नसराई संपली, की गटाने भाड्याने दिलेल्या सतरंज्या आणि जाजमं परत येतात. येताना वरणाचे, तुपाचे, हळदीचे, चहाचे डाग घेऊन येतात. मग गटात बोलणं सुरू होतं. एक म्हणते, कढत पाण्याशिवाय डाग हलत नाही. दुसरी म्हणते, गार पाणीच बरं, नाहीतर रंग जाईल. खरं तर दोघींचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या वेळी. आधी बघायचं कापड कशाचं आहे, मग डाग कशाचा आहे. पाणी कसलं घ्यायचं ते त्यावरून ठरतं.

कापडापासून सुरुवात करू. सुती सतरंजीचा धागा गरम पाणी सोसतो, पण रंग सोसेलच असं नाही. म्हणून पांढरं फडकं गरम पाण्यात बुडवून सतरंजीच्या एका कोपऱ्यावर पाच मिनिटं दाबून धरावं. फडक्याला रंग लागला, तर त्या सतरंजीला गारच पाणी.

घोंगडीला गरम पाणी कधीच लावू नये. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं, की हे खवले एकमेकांत अडकतात. घोंगडी आटते, घट्ट होते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. शिवाय विणताना धाग्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते, तीही भिजवून ठेवल्याने निघून जाते. घोंगडी झटकावी, उन्हात टाकावी. धुवायचीच असेल तर गार पाण्यात रिठ्याचा फेस करून हलक्या हाताने दाबावी. पिळू नये.

प्लास्टिकच्या चटईला गार पाणी आणि साबण पुरतो. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. जाड गालिचा मात्र भिजवूच नये. खालचा थर लवकर वाळत नाही, मग वास येतो. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने तो पुसावा.

आता डागांकडे वळू. रक्त, दूध, दही, अंडं यांच्या डागाला आधी नेहमी गार पाणी. अंडं उकडल्यावर जसं घट्ट होतं, तसाच हा डाग गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतो. पाळीच्या कापडालाही हेच लागू आहे. आधी गार पाणी, मग साबण, मग कडक ऊन.

तेल, तूप, रस्सा यांचं उलट असतं. गार पाण्यात तूप थिजतं. म्हणून आधी कोरडं पीठ किंवा राख टाकून तेल टिपून घ्यावं, मग सोसेल तेवढं गरम पाणी आणि साबण. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, त्याने घाबरू नये. धुऊन डागाची बाजू उन्हाकडे ठेवावी, दोन-तीन दिवसांत तो फिका पडतो. चिखल मात्र ओला असताना चोळू नये. वाळू द्यावा, धोपटावा, झाडावा. निम्मं काम पाण्याशिवायच होतं.

सुती सतरंजीत ढेकूण झाले असतील, तर मात्र गरम पाण्याला पर्याय नाही. कढत पाण्याने ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. तेव्हा थोडा रंग गेला तरी चालेल, पण ढेकूण दुसऱ्याच्या घरी पाठवू नयेत.

मैत्रिणींनो, गरम पाणी फुकट येत नाही. वीस लिटरची एक बादली चांगली गरम करायला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस जातो. चार बादल्या म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. चुलीवर तापवायचं तर सरपण कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं, आणि ती कुणीतरी बहुतेक वेळा आपल्यातलीच असते. म्हणून सगळी सतरंजी गरम पाण्यात बुडवायची गरज नाही. तेलकट डागापुरता एक तांब्या गरम पाणी घ्या, बाकीची गार पाण्याने धुवा.

आणि हा खर्च भाड्यात धरा. अनेक गटांत भाडं जमा होतं, पण साबण, गॅस आणि दोघीतिघींची अख्खी सकाळ हिशोबात येत नाही. जाजम देतानाच ठरवा: स्वच्छ परत आलं तर अमुक भाडं, डागाळलेलं आलं तर धुण्याचे वेगळे. वहीत तसं लिहा, आणि धुणाऱ्या बाईला तिची मजुरी द्या.

शेवटचं एक. धुतलेली सतरंजी पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. ओलसर घडीला बुरशी येते, आणि मग गरम-गार कुठल्याच पाण्याने ते काळे ठिपके सहजी जात नाहीत.

पुढच्या बैठकीत आपापल्या सतरंज्यांचे कोपरे तपासा, आणि कुठलीला कुठलं पाणी चालतं ते वहीत मांडून ठेवा.