जुनी मोटार आणि पेट्रोलचा हिशोब



मोटारीच्या दृष्टीने पाहिले तर सातारा आणि सांगली ही अगदी भिन्न प्रकृतीची शहरे आहेत. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले. पोवई नाक्याहून राजवाडा आणि तिथून समर्थ मंदिराकडे निघाले, की गाडी चढणीला लागते. सांगली कृष्णाकाठची, सपाट. पण मिरज रस्त्याला गर्दीच्या वेळी पाय सारखा ब्रेकवर. एकीकडे चढ पेट्रोल खातो, दुसरीकडे थांबे खातात.

बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाच्या कामाला खेड्यातून येणाऱ्या पुष्कळ गाड्या जुन्या असतात. मारुती ८०० हीच गाडी घ्या. १९८३ च्या डिसेंबरात ती प्रथम रस्त्यावर आली, २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरी अजून कितीतरी दारांत ती उभी आहे. तिचा मालक म्हणतो, "ॲव्हरेज पडले हो, आता काढून टाकावी." नवी गाडी म्हणजे बहुधा कर्ज आणि वर्षानुवर्षांचे हप्ते. तेव्हा माझे सांगणे एवढेच, की काढण्याआधी मोजा.

मोजायचे कसे? टाकी पूर्ण भरा आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. पुन्हा भरताना त्याच पद्धतीने पूर्ण भरा. समजा, मधल्या काळात २५२ किलोमीटर झाले आणि १८ लिटर पेट्रोल बसले. म्हणजे लिटरला १४ किलोमीटर. असे तीन वेळा करा, मग त्या आकड्यावर विश्वास ठेवा. शिक्षक बंधुभगिनींना यात भागाकाराचे जिवंत उदाहरण मिळेल. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणारी गाडी १४ ची १६ वर आली, तर सुमारे साडेपाच लिटर वाचतात. शंभरापुढच्या भावाने महिन्याला पाचशेहून अधिक रुपये झाले!

आता ही गळती होते कुठे? पहिली गळती पायाखाली. माणसांसह ८०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावर आणायला साधारण १२ मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे दोन-अडीच चमचे. पुढच्या चौकात करकचून ब्रेक दाबला, की ते चमचे ब्रेकच्या उष्णतेत गेले. असे ८० वेळा केले की एक लिटर संपले. वेग दुप्पट केला तर हा खर्च चौपट होतो. म्हणून पुढचा चौक अडलेला दिसताच पाय आधीच उचलावा. रेल्वेच्या फाटकात इंजिन बंद करावे. उभ्या गाडीचे लहान इंजिनही तासाला अर्धा-पाऊण लिटर जाळते.

दुसरी गळती थंड इंजिनाची. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ते पुरते तापतच नाही. म्हणून तीन कामांना तीन फेऱ्या घालण्यापेक्षा तिन्ही कामे एका फेरीत उरकावीत. चोकची दांडी असलेल्या गाडीत ती वेळीच आत ढकलली आहे ना, ते पाहावे. आणखी एक गोष्ट. गाडी तापू नये म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन कायम थंडावलेले राहते आणि पेट्रोल जास्त पिते. रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट पुन्हा बसवून घ्यावा.

तिसरी गळती चाकांत. हवा कमी असली की टायर दबतो आणि गाडी ओढायला जड जाते. दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, कंपनीने सांगितली आहे तेवढी हवा भरावी. फेरीनंतर एखादेच चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागले, तर तिथे ब्रेक धरून राहिला आहे, असे समजावे. गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवले की शंका फिटते.

आणि धूर? साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्याची ऑइल इंजिने ज्यांनी विहिरीवर चालवली, त्यांना काळ्या धुराचा अर्थ सांगायला नको. तोच अर्थ इथेही. प्लग, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत. मात्र पेट्रोलमध्ये टाकायच्या गोळ्या आणि नळीला लावायचे लोहचुंबक यांवर पैसे घालवू नयेत. त्या पैशात प्लग येतात.

साताऱ्यात एक मोह होतो. बोगद्याकडून उतरताना काहीजण इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. असे कधीही करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि पाय खूप जोराने दाबला तरी गाडी हवी तिथे थांबेलच असे नाही. पेट्रोल पुन्हा भरता येते, माणूस आणता येत नाही. गिअरमध्येच उतरावे, इंजेक्शनच्या गाडीत पाय उचलून गिअरमध्ये उतरताना पेट्रोल आपोआप तुटते.

शेवटी एक आकडा ध्यानात ठेवावा. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात आणि २०२५ साली देशात हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश शक्ती असते, म्हणून जुन्या गाडीचे ॲव्हरेज सहा-सात टक्के उतरू शकते. हा दोष गाडीचा नव्हे, चालवणाऱ्याचाही नव्हे. तेवढी घट हिशोबात धरावी आणि रबरी नळ्या तडकल्या नाहीत ना, एवढे मात्र अधूनमधून पाहावे. कारण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही.

उसाचा उतारा, दुधाचे फॅट आपण वहीत लिहून ठेवतो. त्याच वहीत एक पान मोटारीला द्या. तीन महिन्यांनी ते पानच सांगेल, गाडी काढायची की ठेवायची.