मुरमाड रानातील कुंपणाचे खड्डे

रानडुकरांपायी कुंपण घालणे भाग पडते. पण व्यापारी गळ्यात बांधील ते यंत्र कर्ज काढून घेऊ नये, असे आमचे मत आहे. पेट्रोलवरचे गिरमिट काळ्या मातीत झपाट्याने उतरते. दगडास अडकले की धरणाराचे हातच पिरगाळते. मुरमात पांच फुटी पोलादी पहारच खरी. तिचे एक टोक अणकुचीदार, दुसरे चपटे असावे. लोहाराकडून पाणी देऊन घ्यावे. आदले सांजेस खुणेवर घागरभर पाणी ओतावे, मुरूम नरमतो. चुरा डब्याने उपसावा. फावड्यासाठी तोंड रुंद केले की खांब डुलतो. आठ फुटी खांब दोन फूट गाडावा. कातळ लागल्यास जागा हातभर सरकवावी. कोपऱ्याचा खांब मात्र सरकत नाही. तेथे छिन्नी नि घणच.