मोजणीचं काम : कसं शिकायचं, कुठे मिळतं

(वनगावांतल्या मुला-मुलींच्या शिबिरात मोजणीचं काम करणाऱ्या एका साथीनं केलेलं भाषण. बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)



मला सांगितलंय की मोजणीच्या कामात रोजगार कसा मिळतो ते पोरांना सांग. सांगतो. पण मी स्वतः नोकरी शोधत या कामात आलो नाही. घरची जमीन गेली म्हणून आलो. ते आधी ऐका.

आमच्या वनजमिनीची मोजणी झाली तेव्हा आई-बा गुजरातला ऊसतोडीला गेलेले. घरी आजी आणि मी. यंत्र घेऊन एक माणूस आला, म्हणाला हद्द दाखव. मी पुढे, तो मागे. नाल्यापर्यंत आलो. नाल्यापलीकडचं रानही आमचंच, तिथे तूर उभी होती. तो म्हणाला, उन्हं उतरली, पुढचं नंतर बघू. कागदावर सही मागितली. मी केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. दहावी शिकलेला पोरगा, पण वाचलं नाही. नंतर तो परत आला नाही. कागद आला त्यात क्षेत्र 0.90.

बा कसतो पाच एकर. 0.90 हेक्टर म्हणजे दोन एकर नऊ गुंठे. पावणेतीन एकर नाल्यापलीकडे राहिले, माझ्या सहीनं.

बा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तेव्हा ठरवलं की हे यंत्र काय असतं ते शिकायचंच.

आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट आकडा वाचणं. आपले आजे जमीन एकरात सांगत नव्हते. किती पायली बियाणं लागतं, किती दिवस नांगर चालतो, असं सांगायचे. सरकारी कागद हेक्टर-आरमध्ये असतो. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. जुनी साखळी 33 फुटांचीच होती, तिचे सोळा आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर. शंभर आरचा हेक्टर, आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. गुंठा आणि आर साधारण सारखेच, एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

हे का सांगतो? एका पाड्यावरचे म्हातारबाबा दोन दिवस जेवले नाहीत. दोन एकराचा दावा केला होता आणि कागदावर 0.80 आलं. त्यांना वाटलं पाऊण एकरच मिळाला. मी सांगितलं, बाबा, हे हेक्टर आहे, एकर नाही. 0.80 म्हणजे दोन एकराला एक गुंठा कमी. तुमची जमीन पुरी आहे. मग जेवले. एवढं सांगणारा कोणी त्या पाड्यावर नव्हता, ही खरी गोष्ट आहे. कायद्यात जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. म्हणजे नऊ एकर पस्तीस गुंठे. हेही कित्येकांना चार एकर वाटतं.

दुसरी गोष्ट जीपीएसची. हे यंत्र आकाशातल्या उपग्रहांवरून आपण कुठे उभे आहोत ते सांगतं. कमीत कमी चार उपग्रह दिसले पाहिजेत. म्हणून सुरू केल्याबरोबर पळत सुटू नका. उघड्यावर उभे राहा, आकडा स्थिर होऊ द्या. प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, बिंदू घ्या, वहीत लिहा. दाट सागाखाली, खोल नाल्यात आकडा उड्या मारतो. तिथे टेप लावून पडताळा. हातातलं साधं यंत्र तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, कधी त्याहून जास्त. आणि बांधाच्या आतून चालायचं नाही. चौकोनी एक एकराला चारही बाजूंनी तीन मीटर आत चाललात तर सात गुंठे गेले. यंत्र बरोबरच असतं, चालणारा आत असतो. जादा सेल खिशात ठेवा. अर्ध्या हद्दीवर सेल संपला की पहिल्यापासून चालावं लागतं. मी चाललोय, भर उन्हात.

तिसरी गोष्ट उताराची. इथे भांडणं होतात. आक्राणीत, अक्कलकुव्यात उभ्या उतारावर शेत आहे. कास्तकार दोरी जमिनीला टेकवून मोजतो, शंभर फूट भरतं. मोजणीच्या कागदावर सपाट अंतर धरतात. उतार तीस अंशांचा असला तर ते 87 फूटच भरतं. मग लोक म्हणतात चोरी झाली. चोरी नाही ती. आपल्या घराचं छप्पर बघा. उतरत्या छपराला कौलं जास्त लागतात, पण खाली घराची जागा तेवढीच. टेपनं मोजायचं असेल तर टेप आडवी धरा, पायरीपायरीनं खाली उतरा, म्हणजे यंत्राशी जुळेल. आधी हे समजावून सांगा, मग मोजा. चोरी कुठली आणि हिशोब कुठला, हे वेगळं करता आलं नाही तर आपलाच माणूस आपल्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता कायदा. 2006 चा वनहक्क कायदा, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा. दाव्याच्या जागेची पाहणी ग्रामसभेची वनहक्क समिती करते, दावेदाराला आणि फॉरेस्ट खात्याला आधी कळवून. म्हणजे मोजणारा एकटा येतो, एकटा जातो, असं चालत नाही. आजूबाजूचे कसणारे उभे पाहिजेत, जाणते पाहिजेत, पंचनामा तिथेच लिहून तिथेच वाचून दाखवला पाहिजे. माझ्या वेळी यातलं काहीच झालं नव्हतं, आणि मला ते विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं.

उपग्रहाचा फोटो दाखवून कोणी म्हणालं की इथे शेत दिसत नाही, तर गप्प बसू नका. 2012 मध्ये नियम सुधारले, त्यात स्पष्ट आहे की असा फोटो इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही. आपल्याला लागून गुजरातमध्ये सागबारा, डेडियापाडा आहे. तिथल्या गावांतल्या पोरांनी स्वतः जीपीएस घेऊन आपली शेतं मोजली, नकाशे केले. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं. 2013 साली न्यायालयानं सांगितलं की फक्त उपग्रहाच्या फोटोवर दावे फेटाळता येत नाहीत. तिथली पोरं आपल्यासारखीच.

जुना बांध, घर, विहीर, दंडाच्या पावत्या, जाणत्यांचे लेखी जबाब, सगळं पुरावा आहे. आज्यानं फॉरेस्टवाल्याला भरलेला दंड आज आपल्या कामाला येतो. गंमतच आहे म्हणायची.

मग रोजगार. खरं सांगतो, फक्त वनदाव्याच्या मोजणीवर घर चालत नाही. काम हंगामी आहे, दावे मोजून झाले की संपतं. म्हणून पाया पक्का करा. दहावी झाली असेल तर आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा ट्रेड आहे. तो करा. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाची जागा निघते. तिला सिव्हिलचा डिप्लोमा किंवा दहावी आणि आयटीआय सर्व्हेअर लागतो, टायपिंगही लागतं. टायपिंगला पोरं हसतात आणि तिथेच अडकतात. जातीचा दाखला, जात पडताळणी आत्ताच करून ठेवा, जाहिरात आल्यावर धावू नका. आणि कोणी पैसे घेऊन जागा लावून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पैसे देऊ नका.

सरकारी जागा सगळ्यांना मिळणार नाही. रस्ता, कालवा, विजेची लाइन, सगळीकडे आधी मोजणी होते. सुरुवातीला काठी धरायचं, प्रिझम धरायचं काम देतात. मी आठ महिने काठी धरली, रोजंदारीवर. लाज नाही त्यात. पण काठी धरताना डोळे यंत्रावर ठेवा, संध्याकाळी विचारा. फलक यंत्र, टोटल स्टेशन, आता रोव्हर, यंत्रं बदलतात, त्रिकोण तोच राहतो. दहावीचं भूमितीचं पुस्तक विकू नका.

रोजगार हमीचं कामही मोजमापाचंच. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. मजुरी त्यावर निघते. खड्ड्याच्या मधे मातीचा खांब राखायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं. तो खांब मोजणीआधी पाडला की खोली कोणी काहीही लिहील. आपल्या आयांनी उन्हात खोदलेलं फूट-फूटभर असं गेलंय. गावात एकाला जरी हे मोजता आलं तरी मजुरी कापताना समोरच्याला विचार करावा लागतो.

मुलींना वेगळं सांगतो. लाकूड, महू, पानं गोळा करायला बाया जातात, हद्द त्यांनाच जास्त ठाऊक असते. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असाव्या लागतात, आणि हक्काच्या कागदावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. पण यंत्र दिलं की मुलगा घेतो आणि मुलगी वही धरते. उद्या उलटं करणार आहोत.

गावात मोजणीचे पैसे घ्यायचे की नाही, हेही विचारलं जातं. पोट आहे, घ्यावे लागतात. पण किती ते ग्रामसभेनं ठरवायचं, सर्वांसमोर, आणि सगळ्यांना सारखं. एकरामागे इतके म्हणून कास्तकाराकडून गुपचूप घेतले की उद्या क्षेत्र वाढवून द्यायलाही कोणी पैसे पुढे करेल. माझ्यापुढे केलेत. चुलतभावानं केले. त्याची हद्द होती तिथेच बिंदू घेतला, वर्षभर बोलला नाही. होळीला बोलला.

आमच्या पावणेतीन एकराचं विचाराल. मी स्वतः मोजलं नाही, घरचा माणूस म्हणून. दुसऱ्या पाड्यावरच्या साथीनं मोजलं, शेजारी उभे राहिले, ग्रामसभेचा ठराव झाला, आज्याच्या दोन पावत्या जोडल्या. कागद अजून फिरतोय. बा तिथे यंदाही तूर पेरणार आहे.

उद्या सकाळी सात वाजता नाल्याकडे जायचं आहे. पायात काहीतरी घाला, काटे आहेत. तीन यंत्रं आहेत, दहा-दहांच्या टोळ्या करू. एकच शेत तिन्ही टोळ्या मोजतील, मग दुपारी आकडे ताडून बघू. ज्यांच्याकडे दहावीचं मार्कशीट आहे त्यांनी जेवणानंतर माझ्याजवळ बसा, आयटीआयच्या अर्जाचं बघू.