मधातले शिसे आणि आपले पिंप



माणिकगडच्या जंगलात पळस, करंज, मोह फुलून गेला की आग्या मोहोळाचा मध उतरवायची धांदल सुरू होते. कुणाकडे सातेरीच्या पेट्याही असतील. इकडे गडचांदूरभोवती सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी, पलीकडे कोळसा. पानावर धूळ दिसते तेव्हा मनात येतेच, ही मधात तर उतरत नसेल? शंका रास्त आहे. पण नुसत्या शंकेने मध वाईट ठरत नाही, आणि चवीने चांगलाही ठरत नाही. शिशाला मधात रंग नाही, वास नाही. पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवून पाहणे, या घरगुती परीक्षांतून शिसे कळत नाही. मध उकळून किंवा गाळूनही ते जात नाही. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय सर्वांत जास्त.

2010 साली युरोपने भारताचा मध घेणे बंद केले. शिसे आणि प्रतिजैविक औषधांचे अंश, ही कारणे होती. पुढल्या वर्षी बंदी उठली. 2015 मध्ये तिकडे मर्यादा ठरली : किलोमागे 0.10 मिलिग्रॅम शिसे. म्हणजे शंभर क्विंटल मधात एक ग्रॅम!

आता धुळीइतकेच आपल्या भांड्याकडेही बघा. मध गोड खरा, पण गुणाने आंबट. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ना, तसाच मधही धातूला खातो. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप, शिसे-कथिलाने सांधे जोडलेला जुना डबा, रंगाचा रिकामा डबा, शिसे मिसळलेली कल्हई, यांत मध महिनोन्‌महिने राहिला तर धातू त्यात उतरतो. फवारणीच्या औषधाच्या डब्याचे तर नावच नको. स्टीलची कोठी, काचेची बरणी किंवा खाद्यपदार्थांसाठीच बनवलेला प्लास्टिकचा डबा वापरा.

तपासणीला दोन नमुने द्या, हे महत्त्वाचे. एक पोळ्यातून सरळ स्वच्छ काचेच्या बरणीत घेतलेला, दुसरा त्याच मधाचा, पण पिंपात राहिलेला. दुसऱ्यातच शिसे जास्त निघाले तर दोष पिंपाचा. दोन्हीत सारखे निघाले तर मोहोळाच्या परिसराकडे बघावे लागेल. बरणीवर गाव, जंगलाचा भाग, उतरवल्याची तारीख आणि भांडे लिहा. प्रयोगशाळेत मधातला साखरेचा भाग आम्लाने जिरवून यंत्रावर धातू मोजतात. तेव्हा अहवाल मागताना ‘शिसे व कॅडमियम’ असे स्पष्ट सांगा. नुसती मधाची तपासणी म्हटले तर पाणी आणि साखरच बघितली जाईल.

पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून मधाचे काम करते. तिथे, किंवा चंद्रपूरला अन्न व औषध प्रशासनाकडे, ही तपासणी कुठे होते, नमुना किती लागतो आणि फी काय, हे आधी विचारा. चार-पाच जणांनी मिळून नमुने पाठवले तर खर्च वाटून जाईल. अहवाल येईपर्यंत जुन्या पिंपातला मध वेगळा ठेवा, नव्यात ओतू नका.