फॉर्मवर नसलेला रकाना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मागे जेवणाची तयारी चाललेली मलाही दिसते आहे, तेव्हा वेळ पाळतो, काळजी नसावी.

छंद म्हटलं की आपण छंदाचंच कौतुक करतो. मी पडलो बँकेतला माणूस, त्यामुळे मला आधी दुसरा प्रश्न सुचतो. हे सगळं ठीक, पण हे गृहस्थ पोटासाठी काय करत होते? बँकेत खातं उघडायच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. नोकरी, धंदा, शेती, गृहिणी, निवृत्त, यांपैकी एकावर खूण करायची. छंदाला रकाना नाही. ज्यांच्या फॉर्मवर अगदी साधा शब्द आला असता, अशा काही थोर माणसांची आज आठवण काढू या.

पहिले द. रा. कापरेकर. व्यवसाय : शिक्षक. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते देवळालीला शाळेत शिकवत होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. आकड्यांशी खेळण्याचा मात्र विलक्षण नाद. बालमित्रांनो, घरी जाऊन करून बघा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. चढत्या क्रमाने, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. आता याचंही तेच करा, ८३५२ येतील. पुन्हा करा, ६१७४. आणि यापुढे कितीही वेळा केलंत तरी ६१७४च. कुठलीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही तिथेच पोचता. आज जग याला कापरेकर स्थिरांक म्हणतं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर सर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

दुसरे पुण्याचे दिनकर केळकर. व्यवसाय : चष्म्याचं दुकान. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही करत. दुकान सांभाळून त्यांनी जुने दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं शासनाच्या स्वाधीन केलं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते म्युझियम पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर सोसायटीची पुढची सहल तिकडे न्या.

तिसरे सर सी. व्ही. रामन. व्यवसाय : सरकारी नोकरी, तीसुद्धा हिशेबखात्यात! १९०७ पासून दहा वर्षं ते भारत सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते. कलकत्त्याला ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर एका संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन काम करायचे. मध्ये रंगून आणि आपल्या नागपूरला बदल्याही झाल्या. बदलीची ऑर्डर हातात पडली की काय वाटतं, हे या सभागृहातल्या नोकरदारांना वेगळं सांगायला नको.

आणि आमच्या बँकवाल्यांना विसरून कसं चालेल? रत्नाकर मतकरी १९७८ पर्यंत बँक ऑफ इंडियात होते, अमोल पालेकरही तिथेच नोकरीला होते. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणणारे जब्बार पटेल हे दौंडला दवाखाना चालवणारे मुलांचे डॉक्टर. मराठी रंगभूमीचा मोठा भाग संध्याकाळी सहानंतर उभा राहिला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता कोणी म्हणेल, यातल्या काहींनी पुढे नोकरी सोडली की! खरं आहे. रामन १९१७ मध्ये कमी पगार पत्करून प्राध्यापक झाले. मतकरींनीही बँक सोडली. पण तोवरची वर्षं नोकरीनेच निभावून नेली. पहिल्या तारखेला पगार होतो म्हणून माणूस आपल्या आवडीच्या कामात कोणाची मर्जी राखत नाही. अडकित्ता विकून घर चालवायचं असतं, तर केळकरांनी चांगले अडकित्ते विकले असते आणि उरलेले ठेवले असते. नोकरी ही छंदाची वैरीण आहे असं आपण समजतो. मला ती छंदाची जामीनदार वाटते.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्याच इमारतीत काय होतं ते आपण बघतो. सातवीपर्यंत जिन्यात तबला ऐकू येतो. नववीत तो मंदावतो, दहावीला बंद. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘काका, त्यात करिअर थोडंच करायचंय?’ अहो, करिअर नाही करायचं म्हणूनच तर चालू ठेवा! आठवड्याला दोन तासांनी टक्के घसरत नाहीत. आणि तो मुलगा साठीला निवृत्त होईल तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी करायला त्याच्याकडे काहीतरी असेल. नोकरीची मुदत संपते, छंदाची संपत नाही. बागेतल्या बाकावर बसणारे आम्ही म्हातारे हे रोज पाहतो.

एक शेवटचा मुद्दा, जरा अवघड. मी सांगितलेली सगळी नावं पुरुषांची आहेत. ऑफिस सुटल्यावरचा वेळ त्यांना मिळाला, कारण घरात कोणीतरी कुकर लावत होतं. केळकरांच्या संग्रहाला कमलाबाईंची साथ होती, हे तरी लोकांना माहीत आहे. बाकीच्या किती घरांतल्या बाईंचं नाव कोणी घेत नाही. फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिलं की त्या नोकरीला सुटण्याची वेळच नसते. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत किती गाणारे गळे आणि किती विणणारे हात स्वयंपाकघरात अडकून राहिले, याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात नाही.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती करतो आणि थांबतो. सभासदांच्या यादीत नाव, फ्लॅट नंबर आणि फोन असतो. पुढच्या यादीत ‘छंद’ हा चौथा रकाना घाला, आणि त्यात फक्त फ्लॅट ज्यांच्या नावावर आहे त्यांचाच नको, घरातल्या प्रत्येकाचा लिहा. मात्र तो भरताना पुरुषमंडळींनी बायकोच्या वतीने परस्पर लिहू नये. आधी तिला विचारावं, आणि ती ‘वेळ कुठे मिळतो?’ म्हणाली, तर आठवड्यातली एक संध्याकाळ कुकर आपण लावावा.