हप्ता चुकला नाही, तरी कर्ज उतरत का नाही?

इथे बंगळुरूत व्हाइटफील्डला, सर्जापूर रोडला फ्लॅट घेतलेली आपली माणसं मला हेच विचारतात. आज त्याचा हिशोब मांडू.

50 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, व्याज 7 टक्के. हप्ता साधारण 38,765 रुपये. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. तुमचं व्याजही तेवढंच वाढून 9.5 झालं, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच 39,583 रुपये! म्हणजे जुना हप्ता भरूनही कर्ज वाढतं.

मग सरकार काय करतं? 2020 मध्ये कोविडात सहा महिने हप्ते थांबवायची मुभा मिळाली. पण व्याज चालूच होतं. 2 कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरकारने फक्त व्याजावरचं व्याज सोसलं. ती कर्जमाफी नव्हती.

खरा आधार रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या नियमांत आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी बँकेने द्यायलाच हवी. मुदत वाढवली तरी हप्त्यातून निदान व्याज सुटलं पाहिजे. दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांचं विवरणपत्रही मिळायला हवं.

ते उद्याच मागा. ओढाताण होत असेल तर हप्ता थकायच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्या. 90 दिवस थकले की खातं एनपीए होतं आणि मग सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येऊ शकते. लाजू नका मंडळी. घर वाचवायचं तर घरात आधी हे बोला.