मनोरुग्णास सोबती पाहिजे

(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. जे सभेस येऊ शकले नाहीत, त्या वाचकांसाठी तो येथे दिला आहे.)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो आपल्या सभांत सहसा निघत नाही. शिष्यवृत्ती, नोकरी, घर, जमीन या प्रश्नांवर आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. परंतु आपल्याच घराच्या मागच्या खोलीत बसवून ठेवलेल्या माणसाविषयी आपण बोलत नाही. त्याला वेड लागले, एवढे म्हणून आपण त्याला माणसांच्या हिशेबातून वगळतो.

मी दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. माझा थोरला भाऊ यंत्रमागावर काम करीत असे. त्याच्या कानात आवाज येऊ लागले, झोप गेली आणि पुढे कामही गेले. आम्ही प्रथम एक देवऋषी गाठला, मग दुसरा. शेवटी घरी पाहुणे आले की त्याला खोलीत बसवून बाहेरून कडी लावू लागलो. ती कडी लावणाऱ्यांत मीही होतो. ज्या घराने पिढ्यानपिढ्या बहिष्कार सोसला, त्याच घराने आपल्या माणसावर बहिष्कार घातला. ही गोष्ट लपवून मला या विषयावर बोलता येणार नाही, म्हणून ती प्रथम कबूल करतो.

पुढे सरकारी दवाखान्यात उपचार सुरू झाले व गुणही दिसू लागला. परंतु गोळ्यांनी हात थरथरू लागले, अंग जड झाले आणि त्याने गोळ्या टाकून दिल्या. असे दोनदा झाले. डॉक्टरांपुढे रांग मोठी असे आणि त्यांना काय विचारावे हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या खेपेस बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थाने भावाला विचारले, "हात थरथरतात का? माझेही थरथरत होते. मी गोळी बंद केली आणि पुन्हा आजारी पडलो. तुम्ही बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देतात." ज्याने आम्हा घरच्यांचे कधी ऐकले नव्हते, त्याने त्या अनोळखी माणसाचे ऐकले. कारण तो मनुष्य त्याच वाटेने चालून आलेला होता. आज भाऊ कामावर जातो. आजार अधूनमधून डोके वर काढतो, परंतु घरात कडी लागत नाही.

त्या बाकावर जे घडले ते योगायोगाने घडले. माझे म्हणणे एवढेच की, ते योगायोगावर सोपवून चालणार नाही. आजारातून उठलेला मनुष्य आजाऱ्याच्या शेजारी असणे, हा सरकारी उपचाराचाच भाग झाला पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रमाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जण मरण पावले. त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१७ साली, मानसिक आरोग्य सेवेचा नवा कायदा झाला आणि २०१८ साली तो अमलात आला. त्याच्या १८व्या कलमाने सरकारी मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला. १९व्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क दिला. ९५व्या कलमाने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली. आणि ७४व्या कलमाने, रुग्णांच्या हक्कांचा निवाडा करणाऱ्या मंडळांवर स्वतः रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी यांना दोन जागा दिल्या. ज्याने भोगले त्याचा शब्द ऐकला पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. जे तत्त्व मंडळाच्या मेजावर मान्य झाले, ते दवाखान्याच्या बाकावर का नसावे?

हक्क कागदावर आला, परंतु माणूस दवाखान्यापर्यंत आला काय? २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचारावाचून राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपली स्थिती निराळी असेल असे समजण्याचे कारण नाही. आपल्या राज्यातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सोलापूरहून येरवडा सुमारे अडीचशे किलोमीटर. विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईने मुलाला घेऊन तेथे जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची. जवळच्या दवाखान्यात जायचे, तर लोक काय म्हणतील ही भीती आडवी येते. ती भीती फलक लावून जात नाही. "मीही तेथे गेलो होतो, चला, मी बरोबर येतो," असे म्हणणारा माणूस दारात उभा राहिला म्हणजे ती कमी होते.

ही कल्पना परदेशातून उसनी आणण्याचे कारण नाही. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून सुटलेले लोकच तेथे कार्यकर्ते होऊन नव्यांना हात देतात. स्किझोफ्रेनियाग्रस्तांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी कॅनडात प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात संस्था उभी केली. ते स्वतः अशा घरातले होते. नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम सुरू झाला. गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे व धीर देण्याचे शिक्षण देण्यात आले. पुढे तो गुजरातेत गेला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शिकेत त्याची नोंद घेतली.

कोणी विचारील, रोग्याने रोग्याला काय शिकवावे? उत्तर असे की, त्याने औषध द्यावयाचे नाही व निदानही करावयाचे नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. औषध चालू ठेवताना काय सोसावे लागते, कामावर परत कसे जावे, घरच्यांना काय सांगावे, हे त्याने सांगावयाचे. दुसरा विचारील, तो स्वतःच पुन्हा आजारी पडला तर? तर त्याला रजा मिळावी, जशी ती कोणत्याही नोकरास मिळते. तिसरी शंका मात्र खरी आहे. डॉक्टर नेमण्याऐवजी सरकार ही स्वस्त माणसे नेमून मोकळे होईल, ही ती शंका. म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे : डॉक्टरही हवेत आणि सोबतीही हवेत, एकाच्या बदली दुसरा नको.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. त्यात आजारातून सावरलेल्या स्त्रीपुरुषांना शिक्षण देऊन, पगार देऊन सोबती म्हणून नेमावे. त्यांत स्त्रिया निम्म्या असाव्यात, आणि आपली भाषा, आपली वस्ती ओळखणारे लोक असावेत. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी घरे एकमेकांस लागून आहेत. ज्याला आपले दुःख परक्या भाषेत सांगावे लागते, तो ते अर्धेच सांगतो.

परंतु सरकारची वाट पाहत बसू नका. महिन्यातून एक संध्याकाळ आपल्या विहारात किंवा समाजमंदिरात अशा घरांची बैठक भरवा. प्रथम दोनच घरे येतील. ती आली तरी पुरे. १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य दूरध्वनी २०२२ पासून सुरू आहे. तो क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आजारी भिक्खूला इतर भिक्खूंनी टाकून दिले होते, तेव्हा तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले आणि संघाला समजावले की, तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ही कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मागच्या खोलीची कडी पाहा. ती लावलेली असेल तर काढा, आणि पुढच्या बैठकीस त्या माणसाला बरोबर घेऊन या.